फ्युएल टेबल लावायला शिकताय? आधी सायलेन्सरचं पॅकिंग बघा

पुण्यात माझ्या शेडमध्ये एक जुनी मारुती एस्टीम आहे. १.३ लिटरचं, १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन. ऑटोक्रॉससाठीच (मैदानावरची वेळेविरुद्धची शर्यत) ठेवलेली, मैदानापर्यंत ट्रेलरवरून जाते. तिचा कंपनीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयूही म्हणतात), काढून मी स्पीडुइनो हा आपला आपण लावायचा ईसीयू बसवला आणि पुढचे तीन आठवडे रोज रात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन फ्युएल टेबल, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा तक्ता, सुधारत बसलो. सुधारत कसला, नासवत! मीटर म्हणायचं गाडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतेय, मी पेट्रोल वाढवायचो. प्लग काढून बघावेत तर काळे कुळकुळीत, म्हणजे पेट्रोल आधीच जास्त.

शेवटी आमचे मिस्त्रीकाका आले. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंही नाही. इंजिन थंड असताना चालू करायला लावलं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेने साबणाचं पाणी सोडलं. तिसऱ्या सिलिंडरपाशी फसफस बुडबुडे. "तुझा कॉम्प्युटर खोटं बोलत नाही रे," काका म्हणाले, "त्याला कुणीतरी खोटं सांगतंय." पॅकिंग उडालं होतं. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला त्या हवेतला ऑक्सिजन दिसत होता.

म्हणून या लेखात टेबलाला हात लावायची पायरी बरीच खाली आहे. आधीच्या पायऱ्या गाळून थेट तिथे उडी मारू नका.

१. काय काय लागेल

- लॅपटॉप, त्यात टेबल लावायला ट्यूनरस्टुडिओ आणि लॉग (गाडी चालतानाच्या नोंदी) वाचायला मेगालॉगव्ह्यूअर. दोन्ही फुकट उतरवता येतात. गाडी चालू असताना टेबल आपोआप सुधारणारी सोय मात्र पैसे भरलेल्या आवृत्तीतच मिळते. शिकताना ती नसलेलीच बरी.
- वाइडबँड लॅम्डा मीटर (धुरावरून मिश्रणात हवा-पेट्रोल किती ते सांगणारं) आणि त्याचा सेन्सर, बहुधा बॉशचा एलएसयू ४.९. एक्झॉस्ट पाइपला १८ मिलिमीटर आट्यांचं नट वेल्ड करून घ्यावं लागतं.
- टायमिंग लाइट, फ्युएल प्रेशर गेज, मल्टिमीटर.
- चांगली यूएसबी केबल. स्वस्त केबल इग्निशनचा गोंगाट पकडते आणि नेमकी भर रेसमध्ये जोडणी तुटते.
- हाताशी अग्निशामक.
- आणि एक माणूस. तो गाडी चालवेल, तुम्ही पडदा बघाल. दोन्ही कामं एकट्याने करायची नाहीत. यात चर्चेला जागा नाही.

गाडीतला मूळचा ऑक्सिजन सेन्सर चालेल का, असं प्रत्येक जण विचारतो. नाही चालणार. तो नॅरोबँड असतो. मिश्रण बरोबर बिंदूच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच त्याला कळतं, किती लांब ते कळत नाही.

कागदांचंही एकदा बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. शिवाय पीयूसी आणि विमा आहेच. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीवर हा अभ्यास करू नका.

२. टेबल म्हणजे नेमकं काय

स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट या तसल्याच ईसीयूमध्ये फ्युएल टेबल म्हणून दिसतं ते व्हीई (व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी) टेबल. आडवे आरपीएम, उभा इनटेक मॅनिफोल्डमधला दाब किलोपास्कलमध्ये. १६ बाय १६ म्हणजे २५६ खाने. खान्यातला आकडा पेट्रोलचा नसतो, हवेचा असतो: त्या वेगाला आणि त्या दाबाला सिलिंडर किती टक्के भरतो. त्यावरून, दाब आणि हवेचं तापमान धरून, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा याचा हिशोब ईसीयू करतो.

हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धे प्रश्न सुटतात. सिलिंडर भरण्याचं प्रमाण हा इंजिनाचा स्वभाव आहे. तो एका खान्यातून शेजारच्या खान्यात जाताना उड्या मारत नाही. त्यामुळे तुमच्या टेबलात ५२, ५४, ७१, ५५ अशी रांग दिसली, तर ७१ हे इंजिनाचं नाही, तुमच्या चुकीचं चित्र आहे.

३. एएफआर की लॅम्डा? लॅम्डाच

एएफआर म्हणजे पेट्रोलच्या किती पट वजनाची हवा. जुने व्हिडिओ बघून तुम्ही त्याचा १४.७ हा आकडा पाठ केला असेल. तो निव्वळ पेट्रोलचा. इथेनॉलला हवा कमी लागते, त्याचा आकडा ९ च्या आसपास आहे. आपल्या पंपांवर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, त्याचं गणित साधारण १३.५ वर येतं.

गंमत अशी की वाइडबँड सेन्सरला यातलं काही माहीत नसतं. तो मुळात लॅम्डाच, म्हणजे प्रत्यक्ष हवा भागिले लागणारी हवा, मोजतो आणि मीटर त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. म्हणजे टाकीत ई२० असलं तरी मिश्रण बरोबर झालं की पडद्यावर १४.७ च दिसणार. हे न कळल्यामुळे कुणी लक्ष्य १३.५ ठेवतो आणि गाडी आठेक टक्के रिच (पेट्रोल जास्त) चालवतो. ट्यूनरस्टुडिओत लॅम्डा निवडा आणि या भानगडीतून सुटा. १.०० म्हणजे बरोबर, वर गेलं की लीन, खाली आलं की रिच.

ई१० च्या काळात लावलेलं टेबल ई२० वर साधारण चार टक्के लीन होतं, हेही लक्षात ठेवा. मित्राने दिलेली फाइल गाडीत टाकताना ती कुठल्या पेट्रोलवर लावली होती ते विचारा.

४. साक्षीदार खरं बोलतात का ते तपासा

माझे तीन आठवडे इथे वाया गेले, म्हणून जरा सविस्तर.

इंजिन बंद, चावी चालू. मॅप सेन्सरचा, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्याचा, आकडा बघा. तो तुमच्या गावच्या हवेच्या दाबाइतका यायला हवा. मुंबईत १०१ च्या आसपास, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८७ च्याही खाली जाईल. पुण्यात बसून १०१ दिसत असेल तर खुश होऊ नका, सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलंय.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान सारखं दिसायला हवं, आणि दोन्ही त्या वेळच्या हवेइतकी. पाच-सहा अंशांहून जास्त फरक असेल तर सेन्सरचा प्रकार चुकीचा निवडलाय.

अ‍ॅक्सिलेटर सोडलेला असताना थ्रॉटल ०, पूर्ण दाबल्यावर १००. तो पायाने दाबून बघा, हाताने नाही. खालची मॅट अडत असेल तर तेही इथेच कळतं.

टायमिंग, म्हणजे प्लग ठिणगी कधी टाकतो ते. सॉफ्टवेअरमध्ये ते १० अंशांवर बांधून टाका आणि टायमिंग लाइटने पुलीवरची खूण बघा. खूण १० वर दिसली पाहिजे, आणि रेस देऊन तीन-साडेतीन हजारांवर नेलं तरी तिथून हलायला नको. इथे फरक असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. उशिरा पेटलेलं मिश्रण आणि चुकलेलं पेट्रोल यांची लक्षणं पायाला जवळजवळ सारखीच लागतात.

आता लॅम्डा मीटर. सेन्सर बसवण्याआधी मोकळ्या हवेत त्याचं कॅलिब्रेशन करा. शेडमध्ये दुसरी गाडी चालू असताना नको. पाइपवर तो घड्याळाच्या दहा ते दोनच्या मधे, वरच्या अंगाला बसला पाहिजे. खालून लावला तर पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर उडतं आणि तो तडकतो. मीटरची वीज बंद ठेवून इंजिन चालवू नका, थंड सेन्सर काजळीने मरतो.

मग मीटरच्या डायलवरचा आकडा आणि लॅपटॉपवरचा आकडा शेजारी ठेवून बघा. डायल १.०० म्हणतोय आणि लॅपटॉप ०.९६, असं दिसलं तर बहुधा अर्थिंगचं दुखणं. मीटरची आणि ईसीयूची अर्थ एकाच बिंदूवर घ्या. माझ्या गाडीत मीटरची अर्थ डॅशबोर्डच्या एका स्क्रूला होती. हेडलाइट लावले की मिश्रण बदलायचं, म्हणजे पडद्यावर.

शेवटी साबणाचं पाणी. आणि प्लग. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि मीटर लीन दाखवतं. तुम्ही पेट्रोल वाढवता, मिसिंग वाढतं, मीटर आणखी लीन दाखवतं. या फेऱ्यात मी दोन रात्री घालवल्या आहेत.

५. पाया एकदाच घाला, मग हलवू नका

गेज लावून फ्युएल प्रेशर बघा. इंजेक्टरचा प्रवाह ज्या दाबाला सांगितलेला असतो, बहुधा ३ बार, तोच दाब रेलमध्ये आहे ना? इंजिनाची क्षमता, सिलिंडर आणि इंजेक्टरचा प्रवाह भरला की सॉफ्टवेअर मूळ इंधनाचा एक आकडा काढून देतं. तो एकदा ठरला की विसरून जा. पुढे कधी सगळी गाडी थोडी लीन वाटली म्हणून तो वाढवलात तर २५६ खान्यांचं काम एका फटक्यात हललं म्हणून समजा.

इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून तो उघडेपर्यंतचा वेळ साधारण एक मिलिसेकंदाच्या घरात असतो आणि बॅटरी उतरली की वाढतो. याची परीक्षा सोपी आहे. गरम इंजिन स्लोवर ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा. व्होल्टेज पडल्याबरोबर लॅम्डाही सरकला तर व्होल्टेजची दुरुस्ती चुकीची आहे, टेबल नव्हे.

६. पहिला लॉग: काही न बदलता

पहिल्या दिवशी फक्त नोंद घ्या. इंजिन पूर्ण गरम, पाणी ७०–८० अंशांच्या वर. लॅम्डावरून आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवा. ती चालू असेल तर चूक झाकली जाते: लॅम्डा १.०० दिसतो, पण त्याच ओळीत दुरुस्तीचा रकाना १०८ टक्के म्हणत असतो, आणि तुम्हाला वाटतं सगळं आलबेल आहे.

मैदानावर वीस मिनिटं. तिसरा गिअर, वेग हळूहळू वाढवत, मधेमधे दहा-दहा सेकंद पाय स्थिर. मित्राला सांगून ठेवा, "अंड्यावर पाय ठेवल्यासारखी चालव." पाय थरथरला की त्या लॉगचा भाजीपाला होतो.

घरी येऊन मेगालॉगव्ह्यूअरमध्ये आधी गाळणी लावा. पाणी थंड असतानाच्या ओळी काढून टाका. अ‍ॅक्सिलेटर झटक्याने दाबल्यावर जादा पेट्रोल दिलं जातं, त्या काढा. अ‍ॅक्सिलेटर सोडून उतरताना इंजेक्टर बंद होतात आणि मीटर आकाशाला भिडतं, त्याही काढा. नाहीतर कमी दाबाच्या खान्यांत सॉफ्टवेअर तुम्हाला "इथे प्रचंड लीन आहे" असं सांगेल आणि तुम्ही मुकाट्याने तिथे पेट्रोल ओताल.

आता उरलेल्यातली एक ओळ बघू. २४०० आरपीएम, ५५ किलोपास्कल, व्हीई ४८, लक्ष्य १.००, मीटर १.०८. हिशोब एवढाच: जुना आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले लक्ष्य. ४८ × १.०८ = ५१.८. म्हणून ५२ भरा. सगळं ट्यूनिंग या एका गुणाकारात आहे. बाकीचा वेळ त्यात टाकायचा १.०८ खरा आहे ना, हे ठरवण्यात जातो.

एक बारकी गोष्ट. इंजिन क्वचितच खान्याच्या बरोबर मध्यावर असतं. ईसीयू शेजारच्या चार खान्यांतून मधला आकडा काढतो. त्यामुळे बिंदू ज्या खान्याच्या अगदी जवळ होता त्यालाच पूर्ण दुरुस्ती द्या, लांबच्यांना थोडी. आणि पाच-सात ओळींच्या जोरावर खाना बदलू नका, पन्नासेक तरी सारखं बोलताहेत ना ते बघा.

फाइल रोज नव्या नावाने जतन करा, नावात तारीख आणि काय बदललं ते. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" अशा तीन फाइल माझ्याकडे अजून आहेत. त्यातली चांगली कुठली होती, देव जाणे.

७. क्रम: स्लो, रमतगमत, मग जोर

*स्लो.* निरोगी इंजिनाचा दाब स्लोवर ३०–४० किलोपास्कलच्या आसपास बसतो. त्या बिंदूभोवतीच्या चारही खान्यांत आधी एकच आकडा भरा, नाहीतर इंजिन या खान्यातून त्या खान्यात झोके घेत राहतं. स्लोवर मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, धुराचा प्रवाह इतका कमी असतो की शेपटाकडून हवा उलटी शिरू शकते. मी व्हीई दोन-दोनने वर-खाली करतो आणि मॅपचा आकडा बघतो. तो सर्वांत खाली जिथे स्थिरावतो तिथे इंजिन सुखी असतं. माझ्या एस्टीमला ०.९६ आवडतो. १.०० वर ती कुरकुरते.

*रमतगमत.* ४० ते ७० किलोपास्कल, १५०० ते ३५००. लक्ष्य १.००. हा टापू दोन-तीन लॉगमध्ये लागतो.

*जोर.* इथे चूक महाग पडते. पूर्ण थ्रॉटलला साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी ०.८५ ते ०.८८ लक्ष्य ठेवा. वरच्या दाबाचे खाने आधीच मुद्दाम दहा टक्के रिच भरून ठेवा आणि रिचकडून खाली या, लीनकडून वर कधीच नाही. इग्निशनचं टेबल या टप्प्यात सावध, म्हणजे मागे ओढलेलं ठेवा. नॉकिंगचा खडखडाट कानावर आला, किंवा ०.९५ च्या वर गेलं, की त्या क्षणी पाय वर. मित्राला "सोड!" एवढा एकच शब्द ठरवून द्या. लांबलचक वाक्य बोलेपर्यंत पिस्टन गेलेला असतो. इंजेक्टर उघडा राहण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांपलीकडे जायला लागलं तर टेबल बदलून उपयोग नाही, इंजेक्टर लहान पडतोय.

हे काम सार्वजनिक रस्त्यावर नको. तासाच्या भाड्याने डायनो (गाडी रोलरवर जागीच पळवायचं यंत्र) मिळत असेल तर सर्वांत उत्तम. मला मित्राच्या शेताकडे चढत जाणारा खाजगी रस्ता मिळाला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये वेग न वाढताही ८० किलोपास्कल सहज दिसतात.

आणि घाटावरच्या लोकांसाठी खास इशारा. पुण्यात पूर्ण थ्रॉटललाही माझा दाब ९३ च्या वर कधी गेला नाही. टेबलात ओळी होत्या ९० आणि १०० च्या. म्हणजे १०० च्या ओळीचं वजन जेमतेम ३० टक्के, ती चुकीची असली तरी ९० ची ओळ सांभाळून घ्यायची. मग आम्ही गाडी ट्रेलरवर घालून कोकणात, समुद्रकाठच्या एका मैदानावर नेली. पहिल्याच सरावफेरीत दाब ९९, लॅम्डा ०.९७ आणि बॉनेटखालून डबड्यात खडे हलवल्यासारखा आवाज. शंभरच्या ओळीतले माझे कच्चे आकडे तिथे पहिल्यांदा एकटे पडले होते. तेव्हापासून ज्या ओळीपर्यंत मी पोचू शकत नाही तिथे खालच्या ओळीचा चढ तसाच पुढे नेऊन वर पाच टक्के जास्त भरतो, आणि टायमिंग दोन अंश मागे.

शेवटी टेबलाचं त्रिमितीय चित्र फिरवून बघा. टेकडी दिसायला हवी. सुळका किंवा विहीर दिसली तर त्या खान्याचा लॉग पुन्हा तपासा. न गेलेल्या खान्यांना शेजाऱ्यांवरून सपाट करा.

८. पिकअप आणि थंडी

टेबल बसल्यावरच पिकअपकडे वळा. अ‍ॅक्सिलेटर झटक्याने दाबला की हवा लगेच आत जाते, पेट्रोलचा काही भाग मात्र भिंतींना चिकटतो, म्हणून क्षणभर जादा द्यावं लागतं. लॉगमध्ये झटक्यानंतर लगेच लीनचा सुळका दिसला तर जादा पेट्रोल वाढवा. आधी बरं आणि नंतर रिचचा खड्डा दिसला तर ते फार वेळ चालू राहतंय. मात्र धूर सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून मीटरची रेघ थ्रॉटलच्या रेघेमागे थोडी सरकलेली असते. ती मनात अलीकडे ओढून वाचा.

थंड सुरुवातीला मात्र घाई चालतच नाही. दिवसातून एकच खरा प्रयत्न मिळतो. एकदा चालू केलं की इंजिन गरम, पुढची संधी उद्या सकाळी. रोज एकच आकडा बदला आणि वहीत लिहा.

मे महिन्यात याच्या उलट दुखणं येतं. गरम गाडी दहा मिनिटं उन्हात उभी करून पुन्हा चालू करा. बॉनेटखाली भाजलेला हवेचा सेन्सर ६०–६५ अंश सांगतो, पण आत येणारी हवा तितकी तापलेली नसते. ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे, तो पेट्रोल कमी देतो आणि गाडी धडपडते. तेव्हा व्हीई टेबल उघडू नका. सेन्सर इंजिनापासून लांब, फिल्टरच्या तोंडाशी नेऊन बसवा. मी तो हलवला त्या दुपारी काकांनी चहा संपेपर्यंत गाडी उन्हात ठेवायला लावली, मग स्वतः चावी फिरवली. पहिल्या झटक्यात चालू झाली. "आता यात काय टाइप केलंस?" त्यांनी विचारलं. लॅपटॉप बॅगेतच होता.